हक, जिम आणि १९९३ चा चित्रपट: मुलांसोबत पाहताना हाती काय लागते आणि काय निसटते

सांजदिवा

नमस्कार. मार्क ट्वेन यांच्या हकलबरी फिनवरच्या कादंबरीवरून डिस्नेने १९९३ साली काढलेला ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ हक फिन’ हा चित्रपट मी मागच्या आठवड्यात माझा दहा वर्षांचा मुलगा आणि बारा वर्षांची भाची यांच्यासोबत पाहिला. चित्रपट संपल्यावर भाचीने एक प्रश्न विचारला आणि त्याचे धड उत्तर मला देता आले नाही, म्हणून हा धागा काढते आहे. ती म्हणाली, “मावशी, हक चांगला मुलगा आहे ना, मग गुलामगिरी वाईट आहे हे त्याला इतक्या उशिरा का कळलं?”

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दिग्दर्शन आणि पटकथा स्टीफन सॉमर्स यांची आहे. हकच्या भूमिकेत एलायजा वुड आहे, जो चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा बारा वर्षांचा होता, आणि जिमच्या भूमिकेत कोर्टनी व्हान्स आहेत. मिसिसिपी नदीच्या काठावरच्या एका गावात विधवा डग्लसबाई आणि त्यांची बहीण मिस वॉटसन या अनाथासारख्या वाढलेल्या हकला सुधारू पाहतात. त्याचा दारुडा बाप परत येऊन त्याला पळवून नेतो, तेव्हा हक स्वतःच्या खुनाचा देखावा उभा करून निसटतो. त्याच सुमारास मिस वॉटसनचा गुलाम जिम, आपल्याला विकणार असे कळल्यामुळे, पळून गेलेला असतो. दोघांची गाठ नदीतल्या एका बेटावर पडते आणि पुढचा सगळा प्रवास तराफ्यावरून होतो.

चित्रपट मला आवडला, हे आधीच सांगते. नदी त्यात फार सुंदर दिसते. नॅचेझ या मिसिसिपी राज्यातल्या जुन्या गावाच्या परिसरात चित्रीकरण झालेले आहे आणि छायाचित्रण यानुश कामिन्स्की यांचे आहे, ज्यांनी त्याच वर्षी ‘शिंडलर्स लिस्ट’चेही छायाचित्रण केले. जेसन रोबार्ड्स आणि रॉबी कोल्ट्रेन यांनी रंगवलेले राजा आणि ड्यूक हे दोन भामटे पडद्यावर आले की मुले सावरून बसत होती.

परंतु भाचीच्या प्रश्नामुळे मी कादंबरी पुन्हा हातात घेतली आणि माझ्या लक्षात आले की तिचा प्रश्न चित्रपटाचा आहे, कादंबरीचा नाही. चित्रपटात जिम हकला गुलामगिरी अन्यायाची का आहे हे बोलून दाखवतो आणि हकला ते हळूहळू पटत जाते. म्हणजे चांगल्या मुलाला चुकीची गोष्ट उशिरा का होईना समजते, अशी ती कथा होते. कादंबरीतल्या हकला गुलामगिरी चूक आहे हे शेवटपर्यंत कळत नाही. जिमला मदत करून आपण चोरी करतो आहोत, मिस वॉटसनची मालमत्ता पळवतो आहोत, असेच त्याला वाटत राहते, आणि तसे वाटत असूनही तो मदत करतो. हा फरक मला लहान वाटत नाही. जाणकारांची मते वाचायला आवडतील.

तराफा

सांजदिवाताई, धाग्याबद्दल आभार. फरक तुम्ही अचूक टिपला आहे, पण चित्रपटाची बाजूही मांडली पाहिजे असे मला वाटते. कादंबरी हक स्वतः सांगतो. त्याच्या डोक्यात चाललेला सगळा झगडा आपल्याला त्याच्याच वाक्यांत वाचायला मिळतो आणि तो स्वतःला पापी म्हणत असताना वाचकाला मात्र तो पुण्यवान दिसतो. ही किमया कथनाची आहे. कॅमेरा हकच्या बाहेर उभा असतो. पडद्यावर मुलगा तराफ्यावर गप्प बसलेला दिसला, तर दहा वर्षांच्या प्रेक्षकाला तो नदी पाहतो आहे एवढेच कळेल. त्यामुळे पटकथाकाराला मनातली गोष्ट संवादात आणावी लागते, आणि संवादात आणायची तर बोलणारे दुसरे माणूस लागते. तराफ्यावर दुसरे माणूस जिमच आहे.

शिवाय जिमला बोलते केल्याने एक लाभही झालेला आहे. कादंबरीतला जिम कितीतरी ठिकाणी हकच्या चेष्टेचा विषय असतो. व्हान्स यांनी उभा केलेला जिम मात्र पहिल्यापासून समजूतदार, घरदार असलेला, मनात ठरवून निघालेला प्रौढ पुरुष आहे. वाटेत भेटणाऱ्या मळेवाल्या ग्रँजरफर्ड कुटुंबाचा भाग आठवा. कादंबरीत जिम त्या काळात जवळच्या दलदलीत लपलेला असतो आणि तिथले गुलाम त्याला अन्न पोचवतात. चित्रपटात तो पकडला जाऊन त्याच मळ्यावर राबतो, आणि हक मात्र मोठ्या घरात पाहुणा म्हणून लाडाने राहतो. एकाच तराफ्यावरून उतरलेल्या दोघांना काठावरचा समाज कुठे कुठे नेऊन ठेवतो, हे मुलांना त्या एका बदलातून दिसते. हा बदल मूळ पुस्तकाशी प्रामाणिक नाही, पण विषयाशी प्रामाणिक आहे.

ओढाळ वासरू

मला एक अगदी साधी शंका आहे आणि ती चित्रपट पाहताना सतत येत होती. हकचे गाव मिझुरी राज्यात आहे आणि नदीच्या पलीकडचे इलिनॉय हे गुलामगिरी नसलेले राज्य आहे. मग जिमने एका रात्रीत नदी ओलांडून समोरच्या काठाला जायचे सोडून दक्षिणेकडे, म्हणजे जिथे गुलामगिरी अधिकच घट्ट होती तिकडे, तराफा का सोडला?

हॅनिबलचा पाहुणा

ओढाळ वासरू, ही शंका साधी नाही. मी गेली काही वर्षे सेंट लुईसमध्ये राहतो आणि तिथून गाडीने दोनेक तासांवर असलेल्या हॅनिबल गावी तीनदा जाऊन आलो आहे. हॅनिबल म्हणजेच कादंबरीतले हकचे गाव, सेंट पीटर्सबर्ग. ट्वेन यांचे, म्हणजे सॅम्युअल क्लेमेन्स यांचे, जन्मगाव फ्लोरिडा नावाचे जवळचेच खेडे. चौथ्या वर्षी ते हॅनिबलला आले. नदीकाठी उभे राहिले की इलिनॉयचा काठ समोर दिसतो, त्यामुळे तुमचीच शंका मलाही तिथेच आली होती.

तिचे उत्तर असे, की काठ ओलांडल्याने माणूस मुक्त होत नसे. पळालेल्या गुलामाला मालकाकडे परत करण्याचा संघराज्याचा कायदा १७९३ पासून होता आणि तो गुलामगिरी नसलेल्या राज्यांतही लागू होता. इलिनॉयच्या काठावर बक्षिसासाठी माणसे पकडणारे फिरत असत. म्हणून कादंबरीत बेत असा ठरतो की दक्षिणेला जाऊन, इलिनॉयच्या टोकाला जिथे ओहायो नदी मिसिसिपीला मिळते, त्या केरो गावाशी तराफा विकायचा आणि आगबोटीने ओहायो नदीतून वर, मालकांच्या हातापासून लांबच्या मुलखात जायचे. धुक्याच्या रात्री केरो मागे पडते आणि तेव्हापासून नदी त्यांना उलट्या दिशेला, गुलामगिरीच्या पोटात नेऊ लागते. सगळ्या कादंबरीतली भीती या भूगोलात आहे. नकाशा शेजारी ठेवून मुलांना चित्रपट दाखवला तर तो दुप्पट समजेल.

आता इलिनॉयच्या काठाबद्दल खरी घडलेली गोष्ट सांगतो. हक ज्या मुलावरून रेखाटला तो टॉम ब्लँकनशिप हॅनिबलमधल्या एका कंगाल, दारुड्या माणसाचा मुलगा होता, हे स्वतः ट्वेन यांनी लिहून ठेवले आहे. या टॉमचा थोरला भाऊ बेन्सन. १८४७ साली त्याला नदीपलीकडे, इलिनॉयच्या बाजूच्या स्नाय बेटावरच्या दलदलीत, मिझुरीतून पळालेला एक गुलाम लपलेला सापडला. त्याच्यावर बक्षीस होते आणि बेन्सनच्या घरात खायची भ्रांत होती. तरीही त्याने वाच्यता केली नाही, आणि काही आठवडे तो त्या माणसाला गुपचूप अन्न नेऊन देत राहिला. पुढे लाकूडतोड्यांना त्या माणसाचा सुगावा लागला, त्यांनी पाठलाग केला आणि तो पाण्यात बुडून मेला. काही दिवसांनी मासे पकडायला गेलेल्या मुलांना त्याचे प्रेत पाण्यावर आलेले दिसले. त्या मुलांत अकरा वर्षांचा सॅम्युअल क्लेमेन्स होता.

हे वाचल्यावर मला कादंबरीतले बेट वेगळे दिसू लागले. मुलांच्या साहसकथेतली ती रम्य जागा खऱ्या आयुष्यात एका माणसाची अखेरची जागा होती, आणि तिथे त्याला जगवणारा मुलगा गावातल्या सर्वांत बदनाम घरातला होता.

गावाबद्दलही सांगितले पाहिजे. हॅनिबलमध्ये ट्वेन यांचे घर, शेजारचे पांढरे कुंपण, पुन्हा बांधलेले ब्लँकनशिप यांचे घर, डोंगरातली गुहा हे सगळे पर्यटकांसाठी नीट राखलेले आहे. गावातल्या कृष्णवर्णीय माणसांचा इतिहास सांगणारे एक छोटे दगडी संग्रहालयही २०१३ पासून तिथे आहे आणि त्याचे नावच जिमच्या प्रवासावरून ठेवलेले आहे. पहिल्या खेपेला मी कुंपणापाशी छायाचित्रे काढून परतलो होतो. दुसऱ्या खेपेला त्या संग्रहालयात गेलो आणि डॅनियल क्वार्ल्स यांच्याविषयी वाचत बराच वेळ थांबलो. ट्वेन यांच्या मावशीच्या यजमानांच्या शेतावर गुलाम असलेले हे गृहस्थ मुलांना रात्री गोष्टी सांगत, आणि जिम त्यांच्यावरून आला.

सांजदिवा

हॅनिबलचा पाहुणा, तुमचा प्रतिसाद मी दोन्ही मुलांना वाचून दाखवला. बेन्सनची गोष्ट ऐकून मुलगा बराच वेळ काही बोलला नाही.

तराफा, संवादाबद्दलचे तुमचे म्हणणे मला मान्य आहे. तरीही जे निसटले ते काय आहे हे स्पष्ट मांडून पाहते, कारण मराठीत ते मांडताना शब्दच आडवा येतो. हकला जिमला मदत करताना आतून जे छळत असते त्याला आपण मराठीत काय म्हणणार? नेहमीचा शब्द सदसद्विवेकबुद्धी. या शब्दातच सत् काय आणि असत् काय हे ओळखण्याची शक्ती गृहीत आहे. ती चुकू शकते असे या शब्दाला मान्यच नाही. हकची अडचण नेमकी अशी की त्याच्या आतला आवाज चुकतो. तो आवाज त्याला सांगतो की त्या गरीब बाईने तुझे काय वाकडे केले होते, म्हणून तू तिचा गुलाम पळवतोस? एकतिसाव्या प्रकरणात तो मिस वॉटसनला जिमचा ठावठिकाणा कळवणारे पत्र लिहितो आणि लिहिल्यावर त्याला पाप धुऊन निघाल्यासारखे स्वच्छ वाटते. मग त्याला नदीवरच्या रात्री आठवू लागतात. आपली पाळी संपली तरी हकला झोपू देण्यासाठी त्याचीही पाळी स्वतःच करणारा जिम आठवतो. आणि तो पत्र फाडतो, नरकात जायला तयार होऊन फाडतो. आपण बरोबर वागलो असे त्याला क्षणभरही वाटत नाही.

म्हणून सदसद्विवेकबुद्धीपेक्षा इथे ‘संस्कार’ हा शब्द मला जवळचा वाटतो. हकवर जे थोडेफार संस्कार झाले आहेत ते सगळे गुलामगिरीच्या बाजूचे आहेत. चर्च, शाळा, डग्लसबाईंचे सुसंस्कृत घर, शेजारपाजार, कायदा, सगळे एकाच बाजूला उभे आहेत. आपल्या घरांत संस्कार हा शब्द आपण नेहमी चांगल्या अर्थाने वापरतो. एखाद्या सज्जन, देवभीरू, प्रेमळ समाजाचे संस्कारच अन्यायाचे असू शकतात आणि मुलाचे चांगुलपण त्या संस्कारांतून निसटलेल्या जागेत टिकू शकते, ही गोष्ट मुलांना सांगायला मला अवघड गेले. पण भाचीच्या प्रश्नाचे खरे उत्तर तेच आहे. हकला उशीर झाला नाही. त्याला वाईट म्हणून जे शिकवले होते ते त्याने केले, एवढेच.

काळा घोडा

या चर्चेत मुंबईचा एक धागा आहे आणि तो इथे अगदी चपखल बसतो, म्हणून लिहितो.

प्रकाशनाच्या व्यवसायात कर्जबाजारी झालेले ट्वेन साठाव्या वर्षी जगभर व्याख्यानांचा दौरा करायला निघाले आणि जानेवारी १८९६ मध्ये मुंबईला उतरले. मुक्काम वॉटसन्स हॉटेलात होता, म्हणजे काळा घोड्याजवळची ती ओतीव लोखंडाची इमारत, जी आज एस्प्लनेड मॅन्शन नावाने जीर्ण अवस्थेत उभी आहे. या प्रवासावरच्या त्यांच्या पुस्तकात मुंबईच्या कावळ्यांचे जे मजेदार वर्णन आहे ते पुष्कळांनी वाचलेले असते. त्याच प्रकरणात त्याच्या आधी एक प्रसंग आहे, त्याकडे फारसे लक्ष जात नाही.

खोलीच्या एका दाराचे काही काम करायचे होते. सामान लावून घेण्यासाठी आलेला एक धिप्पाड जर्मन गृहस्थ आणि त्याच्यासोबतचे हिंदी नोकर तिथे होते. एक नोकर गुडघे टेकून ते काम करू लागला. काय चुकले हे न सांगता त्या गृहस्थाने आधी नोकराच्या थोबाडीत मारली आणि मग चूक सांगितली. नोकराने ते मुकाट्याने सोसले. ट्वेन लिहितात की असे काही आपण पन्नास वर्षांत पाहिले नव्हते, आणि त्या क्षणी आपण थेट आपल्या लहानपणात जाऊन पोचलो, जिथे गुलामाला आपली इच्छा समजावून सांगण्याची हीच रीत होती. तिथूनच त्यांना आठवते की दहा वर्षांचे असताना एका माणसाने कामात काही वेंधळेपणा झाला म्हणून आपल्या गुलामाच्या डोक्यात लोखंडाच्या खनिजाचा गोळा फेकून मारलेला त्यांनी पाहिला होता, आणि तो गुलाम तासाभरात मेला. मालकाला तसे करण्याचा हक्क आहे हे त्या मुलाला ठाऊक होते. तरी काहीतरी चुकते आहे असे त्याला वाटत होते, पण का चुकते हे सांगण्याइतकी त्याची समज नव्हती.

सांजदिवाताई, तुम्ही हकबद्दल जे लिहिले आहे तेच हे आहे. चूक आहे असे वाटते, का ते सांगता येत नाही, आणि भोवतालचा एकही माणूस दुजोरा देत नाही. याच जागतिक दौऱ्यात हक आणि जिमचा प्रसंग ते व्यासपीठावरून सांगत असत आणि त्यासाठी १८९५ च्या टिपणवहीत त्यांनी नोंद केली होती की या पुस्तकात निकोप हृदय आणि विकृत झालेली विवेकबुद्धी यांची टक्कर होते, आणि हार विवेकबुद्धीची होते.

एक योगायोग सांगून थांबतो. ज्या वॉटसन्स हॉटेलात जानेवारीत ट्वेन राहिले, तिथेच त्याच वर्षी ७ जुलैला ल्युमिएर बंधूंच्या चलत्चित्रांचा भारतातला पहिला खेळ झाला.

तराफा

काळा घोडा, फार मोलाची माहिती दिलीत. मी ते पुस्तक वाचले आहे आणि कावळेच लक्षात राहिले होते.

आता शेवटाविषयी बोलू या, कारण माझ्या मते चित्रपट तिथे कादंबरीपेक्षा सरस आहे. कादंबरीच्या अखेरच्या भागात हकचा मित्र टॉम सॉयर येतो, आणि फेल्प्स यांच्या शेतावर कोंडलेल्या जिमला सोडवण्याचा खेळ प्रकरणामागून प्रकरणे चालतो. जिमला मिस वॉटसनने मृत्युपत्रात आधीच मुक्त केलेले आहे हे टॉमला माहीत असते आणि साहसाची हौस भागावी म्हणून तो ते लपवून ठेवतो. अमेरिकन कादंबरीकार हेमिंग्वे यांनी १९३५ साली लिहिले की सारे आधुनिक अमेरिकन साहित्य या एका पुस्तकातून आले, आणि त्याच दमात हेही लिहिले की जिमला चोरून विकले जाते तिथे वाचकाने थांबावे, पुढची सगळी फसवणूक आहे. सॉमर्स यांनी तेच केले. चित्रपटात टॉम सॉयर नाहीच. ज्यांचे काका असल्याची बतावणी भामटे करतात त्या विल्क्स भगिनींच्या घरी गोष्ट, दोन्ही भामट्यांची लबाडी उघडी पडण्यापाशी, निकराला येते.

आणि एक बारकावा पाहा. कादंबरीत पळून जाताना गोळी टॉमच्या पोटरीत लागते, आणि जिम हाती आलेली सुटका सोडून, त्याच्यासाठी डॉक्टर येईपर्यंत थांबतो व पकडला जातो. चित्रपटात गोळी हकला लागते. जिमचा त्याग तोच आहे, पण तो खेळ मांडणाऱ्या मुलासाठी न होता, तराफ्यावरच्या सोबत्यासाठी होतो. पटकथेतली सर्वांत विचारपूर्वक केलेली दुरुस्ती मला ही वाटते.

सांजदिवा

त्या दुरुस्तीबद्दल पूर्ण सहमत. मात्र टॉम वगळल्याने एक जागा रिकामी राहिली असेही वाटते. टॉम हा चांगल्या घरातला, शिकलेला, गावाचा लाडका मुलगा आहे. मुक्त झालेल्या माणसाला करमणुकीखातर कोंडून ठेवताना त्याला काहीच टोचत नाही. ते प्रकरण कंटाळवाणे आहे हे खरे, पण हक आणि टॉम शेजारी उभे राहिले की संस्कारांचा प्रश्न पुन्हा समोर येतो. दोन वर्षांनी, १९९५ साली, डिस्नेनेच ‘टॉम अँड हक’ काढला आणि त्याच्या लेखनातही सॉमर्स होते. त्यात खजिना, गुहा आणि पाठलाग आहे, तो मुलांना भावतो, पण या धाग्यातला प्रश्न तिथे उभाच राहत नाही.

पाटीपेन्सिल

मी माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवते. या कादंबरीतला जो शब्द आज अमेरिकेत अपमानास्पद मानला जातो, तो पुस्तकात दोनशेहून अधिक वेळा येतो. २०११ साली एका प्राध्यापकांनी तो सगळीकडे बदलून त्या जागी ‘गुलाम’ असा शब्द घातलेली आवृत्ती काढली आणि मोठा वाद झाला. १९९३ च्या चित्रपटाने तो शब्द टाळला आहे. कौटुंबिक चित्रपट म्हणून मला ते योग्य वाटते, कारण पडद्यावरून ऐकलेला शब्द मुले खेळाच्या मैदानावर घेऊन जातात. वर्गात मात्र मी मुलांना सांगते की मूळ पुस्तकात असा शब्द आहे, तो कुणासाठी वापरला जात असे, आणि हकच्या तोंडी तो सहज येतो याचा अर्थ काय होतो.

दुसरा प्रश्न बोलीचा. ट्वेन यांनी पुस्तकाच्या आरंभीच टीप दिली आहे की यात अनेक बोली वापरल्या आहेत आणि त्या अंदाजाने नव्हे, तर काळजीपूर्वक लिहिल्या आहेत. मराठीत हे आणायचे तर जिमला कोणती बोली द्यायची? वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी यांपैकी कोणतीही दिली तरी आपण आपल्याच एका प्रदेशाला गुलामाच्या जागी बसवतो, आणि विनोदी नाटकांनी बोलींची जी गत केली आहे तीत भर घालतो. प्रमाण मराठी दिली तर नदीच निघून जाते. मी मुलांकडून काही परिच्छेद मराठीत करवून घेतले तेव्हा एका मुलीने हकचे निवेदन तिच्या घरच्या बोलीत, म्हणजे साताऱ्याकडच्या खेड्यातल्या बोलीत, लिहिले आणि जिमचे बोलणेही त्याच बोलीत ठेवले. दोघे एकाच काठावरचे, मग भाषा वेगळी कशाला, असे तिचे म्हणणे होते. मला ते पटले.

जिमच्या बोलीवरून आठवले. पर्सिव्हल एव्हरेट यांची ‘जेम्स’ ही २०२४ सालची कादंबरी हीच कथा जिमच्या तोंडून सांगते. तिला २०२५ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. तिच्यात गुलाम माणसे आपापसांत शुद्ध, अभ्यस्त भाषेत बोलतात आणि गोऱ्यांसमोर ती तुटकी बोली मुद्दाम पांघरतात. मुलांसाठी ती नाही, पण या धाग्यावरच्या सर्वांनी वाचावी. तराफा यांनी जिमला बोलते करण्याचा जो मुद्दा मांडला, तो तिथे पूर्णत्वाला गेला आहे.

ओढाळ वासरू

हॅनिबलचा पाहुणा, तुमच्या उत्तरानंतर मी नकाशा काढून बसलो होतो. आता केरो चुकते तो प्रसंग वाचताना पोटात खड्डा पडतो.

संस्कारांवरून एक नोंद करावीशी वाटते. जोतीराव फुले यांचे ‘गुलामगिरी’ १८७३ साली प्रसिद्ध झाले. ट्वेन यांच्या टॉम सॉयरवरच्या कादंबरीच्या आधी तीन वर्षे, आणि हकवरच्या कादंबरीच्या आधी अकरा. ते त्यांनी अमेरिकेतल्या ज्या सज्जनांनी निग्रो गुलामांना दास्यातून मुक्त करण्याच्या कामी औदार्य दाखवले, त्यांना अर्पण केले आहे. मिसिसिपीची ही गोष्ट पुण्यात बसलेल्या एका माणसाने आपल्या गोष्टीशी जोडून पाहिली होती. त्यामुळे मुलांनी हा चित्रपट पाहून ‘हे तिकडचे’ असे म्हटले तर त्यांना फुल्यांची अर्पणपत्रिका दाखवता येईल.

सांजदिवा

सर्वांचे मनापासून आभार. इतके काही मिळाले की मी मुलांना चित्रपट दुसऱ्यांदा दाखवण्याआधी कादंबरीतली दोन प्रकरणे मराठीत सांगत वाचून दाखवली.

पहिले पंधरावे, धुक्याचे. जिम रात्रभर हकला हाका मारून थकून झोपलेला असतो, आणि हक परत येऊन त्याला पटवतो की धुके पडलेच नाही, तुला स्वप्न पडले. जिमला खरे कळते तेव्हा तो शांतपणे सांगतो की जो आपल्या सोबत्याची अशी थट्टा करतो तो कचरा. हकला माफी मागायला जायचे धैर्य गोळा करायला पंधरा मिनिटे लागतात, पण तो जातो. दुसरे सोळावे. हक जिमला पकडून द्यायचे ठरवून होडीतून निघतो, मागून जिम ओरडून सांगतो की तूच माझा एकुलता एक मित्र, आणि गुलाम शोधणारे दोघे समोर येतात तेव्हा हकच्या तोंडून खरे निघत नाही. तराफ्यावर देवीचा रोगी असावा असा समज तो त्यांना करून घेऊ देतो. ती माणसे घाबरून लांबूनच वीस वीस डॉलरची दोन सोन्याची नाणी फळकुटावर ठेवून त्याच्याकडे सोडतात आणि निघून जातात. त्यानंतर हक स्वतःला दूषण देत बसतो की आपण नीट वागायला शिकलोच नाही.

भाचीने तिथे मला थांबवले आणि ते वाक्य पुन्हा वाचायला सांगितले. मी वाचले. मग तिने विचारले की त्या पंधरा मिनिटांत जिम काय करत असेल, हे पुस्तकात लिहिले आहे का. मी नाही म्हटले. आता पाटीपेन्सिलताईंनी सुचवलेली कादंबरी मी आधी स्वतःसाठी मागवली आहे, आणि ती वाचून झाली की तिच्यातले काय तिला सांगता येईल ते इथे लिहीन.